तूप नेमकं कुठे पडतं?
खान्देशातल्या शाकाहारी पंगतीचा आढावा

चोपडा तालुक्यातल्या एका गावी भाचीचं लग्न होतं. वैशाख, दुपारचा दीड, मंडपाच्या कापडातून ऊन गाळून खाली उतरत होतं. भाचीच्या पुण्याच्या कंपनीतले सातजण आले होते. त्यांतले तिघं दूध, दही, तूप, मध काहीही न खाणारे, आणि एक चितवनकडचा नेपाळी मुलगा, घरचा शुद्ध शाकाहारी. भाचीनं आठवडाभर आधी बजावलं होतं, "मामा, त्यांच्या जेवणाचं तेवढं बघा." मी केटररला फोन केला आणि "तीन पानं वेगळी" असं सांगून मोकळा झालो. पलीकडून लगेच विचारणा झाली, "पनीर चालंल ना भाऊ?" पनीर म्हणजेही दूधच, एवढं मी समजावलं आणि काम झालं असं धरून चाललो.

पंगतीत त्या तिघांपुढे वेगळी ताटं आली. मिक्स व्हेज, तीही बटरवर परतलेली. साबुदाण्याची खिचडी, तुपातली. एका मुलीनं हळूच विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती तिघं शेवटी केळी आणि कोरडा भात खाऊन उठली. त्यांच्या शेजारच्या पानांत मात्र वांग्याची घोटलेली भाजी, बट्टी, ज्वारीचे बिबडे, कांदा, शेंगदाण्याची चटणी असं सगळं वाढलेलं होतं. नंतर भटारखान्यात जाऊन मी आचाऱ्याला एकेक पदार्थ विचारला. भाजीत तेल. बट्टीत तेलाचं मोहन, तळणही तेलात. तूप फक्त वरणाच्या फोडणीत आणि वाढप्याच्या वाटीत. पाहुणे जे खाऊ शकत होते ते सगळ्या गावाच्या पानात होतं. त्यांच्याच पानातून ते आम्ही काढून घेतलं होतं.

हे मला फार लागलं. तेव्हापासून दहा-बारा वर्षं घरातली, भावकीतली, गावातली कार्यं उभी करताना मी हाच प्रश्न धरून बसलो आहे : आपल्या जेवणात दूध-तूप नेमकं कुठे, कुणाच्या हातून आणि कधी शिरतं?

आधी लग्नाचं पान घेऊ. जळगाव जिल्ह्यात, विशेषतः रावेर, यावल, भुसावळ, चोपडा पट्ट्यात लग्न म्हटलं की वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. एरवी ज्या घरांत मटणाचा रस्सा आवडीनं होतो, त्या घरांतही लग्नाची पंगत शाकाहारीच बसते. म्हणजे शाकाहार ही इथे कुणा पाहुण्यासाठी केलेली सोय नाही, कार्याचा तो मूळ रिवाज आहे. बट्टीचं पीठ जाडसर दळून आणतात. त्यात ओवा किंवा जिरं, हळद, मीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्ट मळायचं, इतकं घट्ट की परातीपाशी दोन गडी लागतात. मग जाड वळकट्या करून वाफवायच्या, गार होऊ द्यायच्या, सुरीनं कापायच्या आणि मोठ्या कढईत लालसर तळायच्या. काही गावांत गोळे करून गोवऱ्यांच्या आरात भाजतात. त्या बट्टीला राखेचा आणि धुराचा वास असतो, आणि ती खाणारा तळलेल्या बट्टीकडे वळून बघत नाही. पानात बट्टी कुस्करायची, वर घट्ट वरण, आणि वरणावर तुपाची धार.

ही धार शेवटी येते. ही बाब साधी वाटते, पण सगळं नियोजन तिच्यावर उभं आहे. पंजाबी धाटणीच्या भाजीत लोणी, साय, काजूची पेस्ट आधीच मिसळलेली असते, ती कुणाला वेगळी करता येत नाही. आपल्या पानात तूप वरून पडतं. ज्याला नको त्यानं पानावर आडवा हात धरला की झालं. आमच्या आचाऱ्याला मी एवढंच सांगतो की वरणाची फोडणी तेलाची द्या, तूप पंगतीत फिरवा. सहाशे पानांच्या लग्नात एवढ्या एका बदलानं सगळं मुख्य जेवण दूधविरहित होतं आणि तुपाच्या भोक्त्यांचं काही कमी होत नाही.

काही जागा मात्र फसव्या आहेत. जिलेबीचं पीठ आंबवायला दही घालतात. पुरी खुसखुशीत व्हावी म्हणून कुणी पिठात दूध शिंपडतं. बट्टीच्या मोहनात हौशी यजमान तूप घालायला सांगतो. शेवभाजी मुळात कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला, तेल आणि बेसनाची शेव एवढ्यावर उभी असते, पण हल्ली रस्सा दाट दिसावा म्हणून तिच्यात साय ढवळणारे आहेत. नुक्ती, म्हणजे बुंदी, कशात तळली हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्यातच 'वनस्पती तूप' हा शब्द घोटाळा करतो. नावात तूप असलं तरी डालडा वनस्पती तेलापासून होतो, त्यात दुधाचा थेंब नसतो. दूध न खाणाऱ्याला तो चालतो, पण त्यातल्या ट्रान्स फॅटमुळे तो कुणालाच फार चांगला नाही. २०२२ पासून खाद्यतेल-तुपांतल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, तरी माझा कल शेंगदाणा तेलाकडेच आहे. खान्देशाच्या जेवणाची चव त्याच तेलात मुरलेली आहे.

पाकिटबंद मालाचंही असंच. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, पण त्या ठिपक्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. दूध-मधासह कुठलाही प्राणिज घटक नसलेल्या पदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२२ साली वेगळे नियम केले आणि वेगळं चिन्ह दिलं. गावच्या किराणा दुकानात ते चिन्ह क्वचितच दिसतं, म्हणून पाकिटावरची घटकांची यादी वाचणारं एक माणूस खरेदीला बरोबर असावं.

आता भरीत. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण दूधविरहित जेवणाची संपूर्ण पंगत कशी असते हे दाखवायला याच्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातल्या बामणोद-भालोदचं वांगं, जळगावजवळच्या आसोद्याचं वांगं ही नावं भाजीबाजारात अजून चालतात. हे वांगं मोठं, फिकट हिरवं, पांढुरक्या रेघांचं, बी कमी आणि गर लुसलुशीत. थंडी पडली, चंपाषष्ठी झाली, चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं पुन्हा पानात आलं की शेताशेतांतून धूर दिसायला लागतो. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळल्या काड्या पेटवून वांगी त्यात टाकतात. चार-पाच मिनिटांत साल काळी पडते, देठाकडून पाणी फुटतं. मग गरम असतानाच बोटं भाजून घेत सोलायचं. सोललेला गर लाकडाच्या बडगीत घालून ठेचायचा. ठेचलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप तेलात परतून त्यावर ओतायचे, वर कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद मीठ घालून एकत्र दळलेल्या पिठाची, किंवा पुरी. या सगळ्यात दूध कुठेच नाही. कुणी काढलं म्हणून नाही असं नव्हे, त्याला तिथे कधी जागाच नव्हती.

भरितपार्टीचा हिशेब लग्नाच्या हिशेबाहून वेगळा असतो. भाजून, सोलून, पाणी गळून वांगं बरंच घटतं, आणि शेतात माणूस घरच्यापेक्षा दीडपट जेवतो. माझ्या वहीत माणशी अर्धा किलो वांगी असा आकडा लिहिलेला आहे आणि तो अजून चुकलेला नाही. लग्नाच्या पंगतीला शंभर पानांमागे बट्टीचं पीठ बारा ते पंधरा किलो, तूरडाळ सहा-सात किलो, भाजीची वांगी अठरा-वीस किलो आणि तांदूळ पाच किलो. तांदूळ कमी का, तर बट्टीनंतर भात हा नावाला असतो. डाळ मात्र कधी कमी धरू नये. जळगाव डाळमिलचं गाव आहे, इथे डाळीला कंजुषी दिसली की लोक ती वर्षभर आठवण ठेवून सांगतात.

माणसं मोजण्याची विद्याही आपल्याकडे जुनी आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या माणसांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ धान्य मोजून घेतात आणि ते भावकीनं मिळून संपवायचं असतं. किती माणसं, तितकं धान्य, उरवायचं नाही. लग्नात हे जमत नाही, कारण आवतण दोन तऱ्हेचं असतं. घरटी एकाचं असलं तर गावाच्या उंबऱ्यांवरून अंदाज निघतो. चूलबंद असलं तर म्हातारं-कोतारं, पोरंसोरं सगळं येतं. सर्वांत अवघड उत्तरकार्य. तिथे कुणाला मोजून बोलावता येत नाही आणि आलेल्याला उपाशी पाठवता येत नाही. अशा वेळी पीठ मळून ठेवावं, पण बट्टी तीन घाण्यांत तळावी, पंगत बघून. तळलेली उरलेली बट्टी दुसऱ्या दिवशी चुरून फोडणीला टाकता येते. उरलेल्या बासुंदीचं काय करणार?

इथे आपला उन्हाळा मधे येतो. लग्नसराई एप्रिल-मेची, आणि भुसावळ-जळगावचा पारा त्या दिवसांत पंचेचाळीसवर चढतो. श्रीखंड, बासुंदी, रबडी, रसमलाई, दही घातलेली कोशिंबीर, मठ्ठा हे सगळं अशा हवेत बर्फाशिवाय ठेवणं धोक्याचं. खव्या-दुधाच्या मिठाईत हाताला लागलेले जंतू वाढायला चार तासही पुरतात. पुन्हा तापवलं तरी त्यांनी सोडलेलं विष सगळं जात नाही. भातही यातून सुटत नाही, सकाळी रांधून दुपारपर्यंत कोमट ठेवलेला भात पोट बिघडवतो. गरम अन्न साठ अंशांच्या वर गरमच ठेवायचं, नाहीतर थोडं थोडं रांधत राहायचं. मेमधल्या कार्यात मी गोडाला गुळाचा, तेलावरचा शिरा किंवा तेलात तळलेली नुक्ती धरतो. हे मी तत्त्व म्हणून करत नाही. आपल्या हवेत दूध कमी असलेलं जेवण सुरक्षित असतं, आणि तेच जेवण दूध न खाणाऱ्यालाही चालतं. दोन गरजा एकाच पातेल्यात भागत असतील तर वेगळं पातेलं चढवायचं कशाला?

धुळ्याकडे, शिरपूर-शिंदखेड्याच्या बाजूला गोडाचा मान खापरावरच्या पोळीचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर ती हवीच. उपड्या खापरावर, हातांवर झुलवत मोठी केलेली ती पोळी चुलीपाशी बसून बघावी. बाई पिठाचा उंडा पुरणासकट दोन्ही हातांवर फिरवते, तो कोपरापर्यंत पसरतो, आणि एका झटक्यात खापरावर पडतो. खापराला तेल-तूप लावत नाहीत. पुरणात हरभऱ्याची डाळ, गूळ किंवा साखर, वेलची. तूप पुन्हा पानातच. रसात मात्र अनेक घरी दूध घालतात, ते घालू नये एवढं आधी सांगावं लागतं. आंबा चांगला असला तर रसाला दुधाची गरजही नसते. खापराच्या पोळ्या करणाऱ्या बाया आता मोजक्याच उरल्या आहेत. त्यांना दोन महिने आधी सांगून ठेवावं, आणि मजुरी ठरवताना घासाघीस करू नये. उन्हाळ्यात चुलीच्या तोंडाशी सहा तास बसणं काय असतं, हे ज्याला बघायचं असेल त्यानं दहा मिनिटं शेजारी बसून बघावं.

शाकाहारी हा शब्द एक असला तरी पानं अनेक असतात, आणि यादी करताना इथेच चूक होते. माळकऱ्याला कांदा-लसूण नको असतो, शिवाय मटण शिजलेलं भांडंही नको. मंडपवाल्याकडची भाड्याची पातेली सगळीकडे फिरलेली असतात, म्हणून त्याच्यापुरतं घरचं भांडं काढावं. जैन पाहुण्याला कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, आणि अनेकांचं जेवण सूर्यास्ताआधी व्हावं लागतं. पण त्याला तूप चालतं. म्हणजे जैन पान आणि दूधविरहित पान एक नव्हेत, आणि 'दोघांना एकच काउंटर' केला की दोघंही अर्धपोटी राहतात. एकादशीवाल्याला भगर हवी. ती सुट्टी, जुनी, ओलसर असली की विषबाधा होऊ शकते, हे दर महाशिवरात्री-नवरात्रात वाचूनही आपण विसरतो. भगर पाकिटातली, निवडून, त्या दिवशीची त्या दिवशी. आणि एक गोष्ट जिच्याकडे आपलं फार दुर्लक्ष होतं : शेंगदाणा. भाजी, चटणी, भरीत, ठेचा, खिचडी सगळ्यांत तो असतो. बाहेरगावच्या एखाद्या पाहुण्याला त्याचं वावडं असलं तर ते नावड म्हणून सोडता येत नाही, जिवावर बेतू शकतं. त्यामुळे आवतणाच्या फोनवरच विचारावं, "काय खात नाही?" यात लाजण्यासारखं काही नाही.

त्या नेपाळी मुलानं मला वेगळंच शिकवलं. त्याला आम्ही काही विचारलंच नव्हतं, तो वरण-बट्टी पोटभर जेवला. नंतर म्हणाला की घरी ढिंडो खातात, कोदो म्हणजे नाचणी, तिचं किंवा मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेलं, सोबत गुन्द्रुकाचा रस्सा. गुन्द्रुक म्हणजे मोहरी-मुळ्याचा पाला आंबवून वाळवलेला. आमच्या कळण्यातला उडीद त्यांच्याकडे 'मासको दाल' म्हणून लोखंडी कढईत काळा होईस्तोवर शिजतो. आपण पोहे करतो, त्यांच्या भोजात चिउरा असतो. काठमांडूच्या नेवारांचं भोजही गवती चटयांवर रांगेनं बसून, मानापानाच्या क्रमानं होतं, आणि पान साल वृक्षाच्या पानांचं शिवलेलं, त्याला लप्ते म्हणतात. आपल्या पळसाच्या पत्रावळीची ही सख्खी बहीण.

जळगाव-धुळ्यात नेपाळी माणसं कमी नाहीत. रात्रीची राखण, हॉटेलांचे भटारखाने, चायनीजच्या गाड्या त्यांच्या हातांवर चालतात. त्यांच्या घरचं शाकाहारी जेवण आपल्या कार्यात आणायचं तर मोमोच्या पुढे जावं. आलु-तामा, म्हणजे बटाटा, चवळी आणि बांबूचे आंबवलेले कोंब, आपल्या चुलीवर सहज होतो. तामा मात्र कुणाकडून आधी मागवावा लागतो. टोमॅटो-तिळाचं, तिरफळासारखं टिमुर घातलेलं अचार आपल्या ठेच्याशेजारी शोभून दिसतं. दूध न खाणाऱ्यांसाठी इथेही त्याच जागा तपासाव्या : डाळीला जिम्बू या वाळवलेल्या पाल्याची फोडणी तुपाऐवजी तेलात द्यावी, आणि सेलरोटीच्या तांदळाच्या पिठात तूप-दूध घातलं आहे का ते विचारावं. मार्गशीर्षातली योमरी, तांदळाच्या पारीत चाकू म्हणजे काकवीसारखा घट्ट गूळ आणि तीळ भरून वाफवलेली, मूळचीच बिनदुधाची असते. आपल्या उकडीच्या मोदकाला ती ओळखीची वाटेल. स्वयंपाक मात्र त्यांच्यातल्याच माणसाच्या हाताखाली व्हावा. व्हिडिओ बघून केलेला गुन्द्रुक नेपाळी पाहुण्याला वाढण्यापेक्षा त्याला आपली बट्टी मनापासून वाढावी.

त्या तिघांसारख्या दूध-मध न खाणाऱ्यांसाठीचा 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली घडला. आपल्याकडे ही गोष्ट त्याआधी वेगळ्या वाटेनं आली होती. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं. पुढे आजारपणात शेळीचं दूध घेतलं, आणि तेही व्रतभंगाचं दुःख मनात ठेवून. डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं, तेव्हा गावात आणि पंचक्रोशीत मिळेल त्यावरच ते उभं करायचं हा गांधीजींचा आग्रह होता. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू आणि गावच्या सामानातून मंडप सजवला. हजारोंचा मेळा ज्या केळीच्या आणि वांग्याच्या मुलखानं सांभाळला, त्या मुलखाला आज तीन पाहुण्यांसाठी सोयाचं पनीर मुंबईहून मागवावं लागतं, हे मला पटत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी बुफेची वाटते. पंगतीत वाढपी विचारतो, "तूप देऊ का?" आणि त्या विचारण्यात सगळी सोय असते. बुफेत अठरा भांडी मांडलेली, एकाच डावानं पनीर आणि बटाटा ढवळलेला, पाटी कुठेच नाही, आणि अर्धं ताट टाकलेलं. ज्यांना बुफेच करायचा आहे त्यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात : प्रत्येक भांड्याला वेगळा डाव, भांड्यासमोर मराठीत पाटी, आणि दुधाच्या पदार्थांची रांग शेवटी, वेगळ्या टेबलावर. पंगत मात्र शक्य तिथे टिकवावी. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं राज्यात थर्माकोल-प्लॅस्टिकच्या ताटवाट्यांवर बंदी आली, तेव्हा पळसाच्या पत्रावळीला पुन्हा दिवस येतील असं वाटलं होतं. बाजारात मात्र यंत्रावर दाबलेल्या कागदी पत्रावळीच जास्त आल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पळसाची पानं काडीनं टाचणाऱ्या बाया अजून आहेत. महिनाभर आधी सांगितलं तर पाचशे पानं होतात, आणि पैसा जंगलाच्या कडेच्या घरी जातो.

भाचीच्या लग्नातल्या त्या तिघांपैकी दोघं मागच्या थंडीत पुन्हा आले, तो नेपाळी मुलगाही होता. या खेपेला मी कुणाला वेगळं काही सांगितलं नाही. शेतात काड्या पेटवल्या, वांगी टाकली. मुलगा बडगीपाशी बसला आणि मुसळ कुणाला देईना. त्यानं खिशातून पुडी काढून टिमुरचे दाणे एका वाटीतल्या भरितात चुरडले, आणि ती वाटी आमच्या आत्यापुढे धरली. आत्यानं चाखली, जिभेला मुंग्या आल्या म्हणून दचकली, आणि पुन्हा चाखली.

या मार्गशीर्षात साठजणांचा बेत आहे. आचाऱ्याचा काल फोन आला होता. तेल शेंगदाण्याचंच, तूप आणायचं नाही, कळण्याचं पीठ घरून दळून येईल, शेंगदाणे एका वाटीत वेगळे ठेवायचे, कारण येणाऱ्यांत एका मुलीला चालत नाहीत, आणि तिच्यासाठी पहिली बडगी बिनशेंगदाण्याची, सूर्यफुलाच्या तेलातली. "मग वांगी किती सांगू?" त्यानं विचारलं. तीस किलो म्हटलं. बामणोदची मिळाली तर बघा.